डिकीमागची हवा

सकाळी ८.३०
चहा नंतर, आधी क्लस्टर. हवेच्या प्रवाहाच्या गणिताचा काल लावलेला रन रात्रभर चालला आणि हवेचे दोन सेकंद पुढे सरकला. शंभरच्या वेगातली एक एसयूव्ही, तिच्याभोवतीच्या हवेचे १२ कोटी सेल, म्हणजे बारीक कप्पे, शेकडो कोर आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाची एकेक स्टेप. ड्रॅगच्या, म्हणजे हवेच्या विरोधाच्या, गुणांकाचा आलेख अजून ०.३३५ आणि ०.३४५ यांच्यामध्ये हेलकावे खातोय. मला शोधायचाय तो फरक ०.००३ चा, आमच्या बोलण्यात तीन काउंट. शोधायचा आकडा आलेखाच्या थरथरीपेक्षा लहान आहे. म्हणून रन चालूच ठेवायचा, सुरुवातीचा एक सेकंद टाकून द्यायचा आणि उरलेल्याची सरासरी लांबवत न्यायची.

सकाळी ९.४५
स्टायलिंगकडून नवीन कॅड आलंय. मेश, म्हणजे सेलची जाळी, करणारा मुलगा विचारतो, "मॅडम, वायपर काढून टाकू का?"
"नको रे, राहू दे. आरशाचा पायही नीट घे."
चाकं आणि अंडरबॉडी यांचा ड्रॅगमधला वाटा मोठा, आणि नेमकं तिथलंच कॅड सगळ्यात अर्धवट असतं. सायलेन्सर, इंधनाची टाकी, फिरणारं चाक, चाकाच्या कमानीतली पोकळी. पत्र्याला लागून हवेचा वेग शून्य असतो, आणि थोड्याच अंतरावर ती पूर्ण वेगात वाहत असते. हा बदल पकडायचा तर पत्र्यालगतचा पहिला सेल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ असायला हवा. त्याच मेशची बाहेरची हद्द मात्र गाडीपासून कित्येक मीटर लांब. हवेतला प्रत्येक भोवरा मोजायचा म्हटलं तर आजचा कुठलाच महासंगणक पुरणार नाही. त्यामुळे मोठे भोवरे सोडवायचे आणि लहानांसाठी मॉडेल वापरायचं, हे ठरलेलं.

सकाळी ११.१५
स्टायलिंगबरोबर मीटिंग, विषय मागच्या टेललॅम्पची कड.

ड्रॅग म्हटलं की लोकांना गाडीचं नाक आठवतं. गाडीच्या बाबतीत हवेच्या घर्षणाचा वाटा थोडाच. बहुतेक ड्रॅग पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकातून येतो आणि तो फरक ठरतो हवा मागे कुठे सुटते त्यावर. आत्ताच्या डिझाइनमध्ये ती कड चांगली गुबगुबीत गोल आहे. हवा त्या गोलाईवरून वळायला बघते, वळताना तिथला दाब घटतो, आणि तो कमी दाब गाडीला मागे ओढतो. शिवाय हवा नेमकी कुठे सुटणार हे दर क्षणी बदलतं.

"अगं, पण गोलच छान दिसतंय. धार काढली तर मागून डबा वाटेल," सहकारी म्हणते.
"सगळीकडे नको. दिव्याच्या काचेवरच एक उभी, बारीक कड दे. दिसणार नाही, पण हवा तिथे सुटेल."

तिने पेनने काचेवर रेघ मारली. मला तेवढीच हवी होती.

मी तिला अहमद बॉडीची चित्रं दाखवली. १९८४ मध्ये जर्मनीत अहमद, राम आणि फाल्टिन यांनी एका साध्या ठोकळ्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत ड्रॅग मोजला. कोन वाढतो तसे उताराच्या दोन्ही बाजूंना जोरदार भोवरे तयार होतात आणि ३० अंशांच्या आसपास ड्रॅग शिखर गाठतो. त्याच्या थोडं पुढे गेलं की हवा उतारावरून पूर्ण सुटते, भोवरे विरतात आणि ड्रॅग एकदम कोसळतो. हा ठोकळा जेमतेम १ मीटर लांब. त्याला ना चाकं, ना आरसे, ना ग्रिल. तरीही २५ अंशांच्या उतारावर आमची रोजच्या वापरातली सरासरी काढणारी बरीचशी मॉडेल्स चुकतात. प्रयोगात हवा उतारावर परत चिकटते आणि ती मॉडेल्स तिला पूर्ण सुटलेली दाखवतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच गणित देते.

दुपारी १.१५
डब्यावर इंजिनवाले काका म्हणाले, "शहरात तीसने चालते गाडी, तुमच्या काउंटनी काय होणार?" शहरापुरतं त्यांचं खरं आहे. पण गुणांक तोच राहिला तरी ड्रॅगचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसला जेवढा, त्याच्या सव्वासहापट शंभरला. एक्सप्रेसवेवर मायलेज पडतं ते यामुळेच. सरकारी मायलेज चाचणीतही ड्रॅग सुटत नाही. आधी मोकळ्या ट्रॅकवर गाडी न्यूट्रलला सोडून ती किती लवकर मंदावते ते मोजतात आणि तोच भार रोलरवर लावतात.

दुपारी २.३०
रन तीन सेकंदांवर. वेक, म्हणजे गाडीमागचा घुसळलेल्या हवेचा पट्टा, डावीकडे झुकलेला दिसतोय. प्रोजेक्टवाल्यांना आवडेल असं चित्र, पण मी ते पाठवणार नाही. २०१३ मध्ये ग्रांदमांज, गोहल्के आणि कादो यांनी सरळ पाठीच्या ठोकळ्यामागे दाखवून दिलं की वेक बराच वेळ एका बाजूला टेकून राहतो आणि मग अचानक दुसऱ्या बाजूला जातो. गाडीच्या मापावर आणि वेगावर हिशेब केला तर या दोन उड्यांमध्ये दहाच्या पटीत सेकंद जाऊ शकतात. माझ्या हातात तीनच सेकंद आहेत. एका बाजूला टेकलेल्या वेकचा आकडा गाडीचा आकडा म्हणून देणं मला पटत नाही.

दुपारी ४.३०
विंड टनेलमधले आकडे आले. क्ले मॉडेल, बंद ग्रिल, त्यामुळे रेडिएटरमधून जाणारी हवा त्यात नाही. म्हणून माझ्या रनमध्येही ग्रिल बंद करून तुलना लावली.

संध्याकाळी ६.३०
दोन जॉब रांगेत टाकले, एक गोल कडेचा, एक नव्या रेघेचा. बाकी मेश तेच, मॉडेल तेच, सरासरीचा काळ तोच. प्रोजेक्ट हेडना आकडा उद्या हवा होता. त्यांना मेल केला की परवा दुपारी देते, सोबत सरासरीतली अनिश्चितता लिहून. फरक त्या अनिश्चिततेच्या आत आला, तर रिपोर्टमध्ये "फरक ठरवता आला नाही" असं लिहीन आणि रन लांबवायला आणखी दोन रात्री मागीन.