लांबच्या प्रवासाची मोटारसायकल

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या आरंभीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा एकोणीस वर्षांचा. शिकवण्या करून जमविलेली निम्मी व वडिलांकडून मिळालेली निम्मी अशा रकमेंतून त्यानें एक जुनी मोटारसायकल विकत घेतली होती, आणि जुलै महिन्यांत मनालीहून लेहपर्यंत ती चालवीत नेण्याचा त्यानें हट्ट धरिला होता. "सर, जाऊं देऊं कीं नको, एवढेंच सांगा," असें म्हणून त्या गृहस्थांनीं मुलाच्या खर्चाचा कागद आमच्यापुढें ठेविला. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, चार जादा दिवे, टाकीवर चिकटविण्याचीं चित्रें, मागें बसविण्याची एक भली मोठी पेटी व मोबाईल अडकविण्याचा होल्डर, एवढ्या वस्तू त्यांत होत्या. टायर, ब्रेक, चेन यांचा कोठें उल्लेख नव्हता. मुलानें गाडी सजविली होती. सज्ज करावयाची राहिली होती.

हा प्रश्न पुष्कळ घरीं आज ना उद्यां निघणारा आहे. म्हणून त्या दिवशीं जें सांगितलें तेंच थोड्या विस्तारानें येथें देतों. बालवाचकांस मात्र आधींच एक आठवण द्यावयास हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अठरा वर्षें पुरीं झाल्याखेरीज अशी गाडी रस्त्यावर चालवितां येत नाहीं. सोळाव्या वर्षाची सवलत आहे ती ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान इंजिनापुरती. तोंपर्यंत त्यांनीं हा लेख पदार्थविज्ञानाचा पाठ म्हणून वाचावा.

गाडीला काय लागेल हें दुकानदारापेक्षां रस्ता अधिक चांगलें सांगतो. मनाली सोडल्यावर ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुल्या झालेल्या अटल बोगद्यांतून मार्ग लाहौलच्या खोऱ्यांत उतरतो. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्यामुळें रोहतांग खिंडीचा वळसा वांचून ४६ किलोमीटर अंतर कमी झालें. तेथून पुढें बारालाचा ला, लाचुंग ला अशा खिंडी ओलांडीत रस्ता टांगलांग ला येथें ५,३२८ मीटरांवर चढतो व मग सिंधू नदीच्या कांठीं उपशी गांवास उतरतो. कोठें गुळगुळीत डांबर, कोठें खडी. कोठें दुपारीं बर्फ वितळून रस्त्यावरूनच ओढा वाहूं लागतो.

यांत पहिला विचार पेट्रोलचा. टांडी येथील पेट्रोल पंपावर पुढील पंप ३६५ किलोमीटरवर आहे अशी पाटी पुष्कळ वर्षें असे, आणि प्रवासी तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रें काढीत. या विद्यार्थ्याची गाडी रॉयल एनफील्ड कंपनीची २०१६ सालीं निघालेल्या हिमालयन जातीची, ४११ घन सेंटिमीटर इंजिनाची होती. तिच्या टाकींत १५ लिटर पेट्रोल मावतें. लिटरला ३० किलोमीटर धरले तर ४५० किलोमीटर होतात, व मुलगा त्या हिशेबावर निश्चिंत होता. परंतु चढावर, सामानासह, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें तीच गाडी २५ देऊं लागली तर ३७५ किलोमीटरच निघतात. पाटीवरील अंतराहून अवघे दहा अधिक! एखादा रस्ता बंद होऊन मागें वळावें लागलें कीं ते दहाहि गेले. म्हणून पेट्रोलसाठींच बनविलेला पांच लिटरचा मजबूत डबा हा आमच्या यादींत अगदीं वर आहे. तो तोंडापर्यंत भरूं नये, उष्णतेनें पेट्रोल फुगतें. आणि पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल नेण्याचा अविचार तर कोणीं करूंच नये.

दुसरी गोष्ट हवेची. टांगलांग ला येथें हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या जवळजवळ निम्मा असतो. इंजिनास पेट्रोल जाळावयास प्राणवायु लागतो, तोच विरळ झाल्यावर शक्ति घटणारच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत त्या विरळ हवेंत पेट्रोलचें प्रमाण वाढतें, काळा धूर निघतो व प्लगवर काजळी धरते. तेथें मिस्त्री लहान जेट बसवितात. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करितात, पण गेलेली शक्ति त्यांनाहि परत आणतां येत नाहीं. सायलेन्सर बदलून ती येईल असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एकदां भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे जावें. चालविणाराचेंहि इंजिनासारखेंच आहे. एका दिवसांत फार उंची गांठली तर डोकें दुखतें, मळमळतें, निर्णय चुकूं लागतात. म्हणून केलाँग किंवा जिस्पा येथें मुक्काम करून, शरीरास संवय लावून मग वर जावें.

आतां टायरविषयीं, कारण आमच्या मतें पहिला रुपया येथेंच खर्च व्हावयास हवा. एवढें मोठें यंत्र जमिनीस स्पर्श करितें तें हाताच्या पंज्याएवढ्या दोनच जागीं. जुनी गाडी घेणारानें टायरच्या बाजूस लंबवर्तुळांत छापलेले चार अंक वाचावे: २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें कठीण होतें, त्यास बारीक भेगा पडतात, व ओल्या रस्त्यावर तें पकड सोडतें. या मुलाचा मागचा टायर सात वर्षांचा निघाला.

टायरच्या हवेंत विद्यार्थ्यांस आवडेल असें एक कोडें आहे. कोंकणांत समुद्रकांठीं भरलेला टायर न उघडतां टांगलांग ला येथें नेला तर गेज सुमारें सात पौंड अधिक दाखवील. आंत हवा तीच. पण गेज बाहेरच्या दाबाशीं तुलना करितें, आणि बाहेरचा दाब निम्मा झालेला. उलट वर थंडी असते, तिनें आंतील हवा आकुंचन पावून तीन-चार पौंड परत कमी होतात. तेव्हां अंदाजानें लाथ मारून हवा पाहण्याची आपल्याकडील रीत तेथें निरुपयोगी. खिशांत मावणारें गेज न्यावें व रोज सकाळीं, चाकें थंड असतांना, हवा मोजावी. शिवाय या गाडीचीं चाकें आऱ्यांचीं असून आंत ट्यूब आहे. पंक्चर झालें तर चाक उतरवून ट्यूब बदलावी लागते. दोन ट्यूब, दोन लिव्हर, एक पंप घेऊन हें काम घराच्या अंगणांत निदान तीन वेळां करून पाहावें. पहिल्या वेळीं दोन तास लागतात, आणि बहुधा लिव्हरनें नवीच ट्यूब चिमटते.

ब्रेकचें महत्त्व चढावर कळत नाहीं. गाडी, स्वार व सामान मिळून ३०० किलो धरा. टांगलांग ला येथून उपशीपर्यंत हें वजन सुमारें १,९०० मीटर खालीं येतें. त्या उतारांत जी शक्ति मोकळी होते तिची उष्णता केली तर पंधरा-सोळा लिटर थंड पाणी उकळेल! ती सगळी ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांवर टाकणें हा त्यांच्यावर जुलूम आहे. खालच्या गिअरमध्यें उतरल्यास बराच भार इंजिन सोसतें. उरलेल्यासाठीं ब्रेकचे पॅड नवे असावे, आणि ब्रेकचें तेल दोन वर्षांपेक्षां जुनें असल्यास बदलावें. तें तेल हवेंतील ओलावा शोषतें व मग कमी उष्णतेला उकळूं लागतें. तसें झालें कीं ब्रेकचा दांडा हातांत पोकळ लागतो, आणि तो नेमका वळणावरच लागावयाचा. चेन व तिचीं दोन्ही दांतेरीं चाकें झिजलीं असल्यास तिन्हीं एकदमच बदलावींत. जुन्या दांत्यांवर नवी चेन घातली तर ती लवकर खराब होते.

सामान लादण्यांत बहुतेक तरुण चुकतात, आणि आम्हीहि चुकलों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आंबेनळी घाट उतरतांना मागील पिशवी बांधलेल्या लवचिक दोरीचा आंकडा निसटला. दोरी मागच्या चाकांत जाऊन चेनमध्यें गुंडाळली गेली, चाक जागच्या जागीं थांबलें व आम्ही गाडीसह आडवे झालों. वेग थोडा होता म्हणून मनगटाच्या हाडावर निभावलें. तेव्हांपासून आम्ही बकल असलेले रुंद पट्टे वापरतों, व त्यांचीं मोकळीं टोकें खोंचून ठेवितों.

जड वस्तू खालीं व पुढें, हलक्या वर व मागें, हा नियम. मुलानें घेतलेली मोठी पेटी मागच्या आंसाच्याहि मागें, उंचावर बसत होती. तीत बारा-पंधरा किलो भरले कीं तें वजन तरफेप्रमाणें पुढचें चाक उचलूं पाहतें, आणि वेगांत हॅण्डल डोलूं लागतें. तेंच वजन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखें वांटल्यास गाडीला कळतहि नाहीं. पेट्या महागच असाव्या असें नाहीं. १९८२ सालीं लंडनहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या एल्स्पेथ बेअर्ड या वास्तुकलेच्या विद्यार्थिनीनें सिडनी येथें नोकरी करीत असतां आपल्या बी. एम्. डब्ल्यू. गाडीसाठीं ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या कुलूपबंद पेट्या स्वतःच्या हातांनीं रिव्हेट ठोकून बनविल्या होत्या. खडकाळ रस्त्यावर आम्हांस तरी जाड कापडाच्या पिशव्या अधिक आवडतात. गाडी पडली तर त्या दबतात, पाय अडकला तर हाड मोडीत नाहींत.

चार दिव्यांचा हिशेब मुलाकडूनच करविला. त्याच्या गाडीचें विद्युत्-यंत्र सुमारें २२० वॅट देतें, तेंहि इंजिन वेगांत असतां. मूळ हेडलाईट ६० वॅटचा. नवे चार दिवे प्रत्येकीं ४० वॅटचे, म्हणजे १६०. बेरीज २२०! मग ठिणगी कोठून यावयाची, पेट्रोलचा पंप कशावर चालावयाचा, आणि बॅटरी भरावयाची केव्हां? हें त्यानें कागदावर मांडलें व तो स्वतःशींच हंसला. दोन दिवे काढून टाकले. उरलेल्या दोहोंच्या जागीं कमी वॅटचे एलईडी दिवे, स्वतंत्र फ्यूज व रिले घालून बसविले. तेहि धुक्यापुरते. समोरून येणाराचे डोळे दिपविणारा प्रकाश आपल्याच अंगावर येतो.

सायलेन्सर परत मूळचा बसवावा असें आम्हीं निक्षून सांगितलें. कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मनास येईल तसा बदल करितां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तसाच निर्णय दिला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अशाच गोष्टी शोधीत असते, हें वडिलांस अधिक पटलें. मुलास वेगळें कारण सांगितलें. रोज आठ तास तो गोंगाट कानांशीं असला तर संध्याकाळीं डोकें बधिर होतें, आणि थकलेल्या माणसाचे ब्रेक उशीरां लागतात.

अंगावरच्या वस्तूंबद्दल थोडक्यांत सांगतों. आय. एस्. आय. चिन्हाचें, हनुवटी झांकणारें व डोक्यास नीट बसणारें हेल्मेट. घोट्याच्या वर येणारे बूट. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजतोच. गाडीला लेगगार्ड, इंजिनाच्या पोटाखालीं पत्रा, व हॅण्डलवर हातांचें रक्षण करणारीं आवरणें असावींत. पडल्यावर ब्रेकचा किंवा क्लचचा दांडा मोडला तर तेथें दुकान नाहीं. बसण्याची गादी फार मऊ नको. मऊ गादी पहिल्या तासाला सुख देते व चौथ्या तासाला हाडें तळाला टेकवते.

इतकें झाल्यावरहि आम्हीं होकार दिला नाहीं. पूर्ण सामान लादून पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरावें, दोन मुक्काम करावे, आंबेनळी घाटानें महाबळेश्वरावरून परत यावें, आणि मग आमच्याकडे यावें, असें मुलास सांगितलें. तो जून महिन्यांत, भर पावसांत जाऊन आला. आल्यावर पडवींत सगळें सामान पसरून, तीन दिवसांत ज्या वस्तूला हातहि लागला नव्हता ती बाजूला काढली. घडीची खुर्ची, दुसरे बूट, कुऱ्हाड, दोन जाड पुस्तकें, पाण्याचा मोठा डबा. शेजारच्या किराणा दुकानांत तो ढीग वजन केला तेव्हां साडेअकरा किलो भरला. उलट क्लचची जादा केबल त्यानें नेली नव्हती, व महाडजवळ तीच तुटली होती. ती यादींत आली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत टाकी रिकामी करून गाडी रेल्वे पार्सलनें चंदीगडला गेली व मागोमाग तोहि गेला. वडील आम्हांस त्याबद्दल कांहीं बोलले नाहींत. मात्र गाडी स्टेशनावर नेण्याच्या आदल्या रात्रीं, मुलगा निजल्यावर, कंदील घेऊन त्यांनीं दोन्ही टायरांची हवा गेजनें मोजून पाहिली, असें मुलाच्या आईकडून आम्हांस मागाहून कळलें.