मॉरिशसच्या किनाऱ्यावर गोल्फ : खेळण्याआधीचा हिशेब

तयार कपड्यांच्या धंद्यातील परदेशी ग्राहक कधी कधी ऑफिसऐवजी गोल्फच्या मैदानावर बोलावतात. चार-साडेचार तास एकाच माणसाबरोबर चालणे होते. भाव आणि मुदतीच्या गोष्टी तिथे आपोआप निघतात. मॉरिशसमध्ये कपड्यांचा उद्योग मोठा आहे, तेव्हा असे आमंत्रण येणे नवलाचे नाही.

तिथल्या पूर्व किनाऱ्याजवळ इल ओ सर्फ नावाचे बेट आहे. बर्नहार्ड लँगर या जर्मन खेळाडूने आखलेले अठरा होलचे मैदान २००३ साली या बेटावर सुरू झाले. तिथे बोटीने जावे लागते. मैदानात तळी आहेत, काळे ज्वालामुखीचे दगड आहेत आणि चोहीकडे समुद्र. नवख्याने दहा-बारा चेंडू जवळ ठेवावेत, आणि तेही महागडे नकोत.

महिना ठरवताना आपले लोक गोंधळतात. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिथे हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, पाऊस, शिवाय चक्रीवादळाची धास्ती. जुलै-ऑगस्टमध्ये हवा थंड असते, पण आग्नेयेचा व्यापारी वारा याच किनाऱ्यावर जोराने आदळतो. माझ्या मते सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

वारा समोरून असेल तर चेंडू जितका मागे पडतो, तितका पाठीमागच्या वाऱ्याने पुढे जात नाही. म्हणून समोरच्या वाऱ्यात जोर लावू नये. एक-दोन नंबर खालचे आयर्न घेऊन सावकाश मारावे. जोराने मारलेला चेंडू जास्त फिरतो, वर चढतो आणि समुद्रात जातो. तिथे एक फटका दंड ठरलेलाच.

सकाळी वारा सहसा कमी असतो. फज्र पढून निघावे, साडेसातच्या सुमारास खेळ सुरू करावा. बाराच्या आसपास मैदान संपते आणि जोहर निवांत मिळते. दुपारी सुरू केले तर असर मैदानावरच येते. हिवाळ्यात तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. जुम्म्याचा दिवस मात्र आधीच टाळावा, कारण बोटीची ये-जा आपल्या घड्याळावर चालत नाही.

कपड्याबद्दल दोन शब्द, कारण तो माझा विषय. कॉलरचा शर्ट बहुतेक क्लबांत सक्तीचा आहे. शुद्ध सुती कापड घाम पिऊन जड होते आणि दमट हवेत वाळत नाही. सुताचा व्यापारी असूनही सांगतो, इथे पॉलिएस्टर मिसळलेलेच घ्यावे. चामडी हातमोजेही घामाने निसटू लागतात. दोन-तीन न्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत.

आणखी एक. अशा खेळात होलमागे पैसे लावण्याची पद्धत आहे. आपल्याला ते जमणार नाही, हे पहिल्या टीवरच हसून सांगावे. ग्राहक वाईट मानत नाही. तीन-चार होल हरल्यावर सांगितले तर त्याचा अर्थ निराळा होतो, आणि पुढच्या ऑर्डरची बोलणी त्याच माणसाशी करायची असते.