हसता हसता अंगावर काटा
विशेष प्रतिनिधी

सकाळची वेळ. रात्रीची नशा पुरती न उतरलेला एक तरुण घराबाहेर पडतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड पेय आणि आइस्क्रीम घेतो व घरी परततो. दुकानातल्या फ्रीजच्या काचेवर रक्ताळलेल्या हातांचे ठसे आहेत, जमिनीवरच्या रक्तावरून त्याचा पाय घसरतो, रस्त्यात जिवंत झालेली प्रेते झुलत चालली आहेत. त्याला मात्र यातले काहीच जाणवत नाही. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी दचकतोही.

एडगर राइट दिग्दर्शित 'शॉन ऑफ द डेड' या ब्रिटिश चित्रपटातील हे दृश्य. २००४ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे ४० लाख पौंडांत तयार झाला. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. तरीही त्याने जगभरात सुमारे ३ कोटी डॉलरची कमाई केली आणि भयपट-विनोदपटांच्या चर्चेत कायमचे स्थान मिळवले.

मालिकेतून मोठ्या पडद्यावर

राइट आणि नायकाची भूमिका करणारा सायमन पेग यांनी मिळून ही कथा लिहिली. दोघेही 'स्पेस्ड' या दूरचित्रवाणी मालिकेतून पुढे आलेले. या मालिकेच्या एका भागात पेगच्या पात्राला व्हिडिओ गेम खेळता खेळता झोंबी दिसू लागतात. चित्रपटाचे बीज तेथेच पडले. पुढे झोंबींची गर्दी उभी करण्यासाठी मालिकेच्या चाहत्यांनाही पाचारण करण्यात आले. जे प्रेक्षक होते, तेच पडद्यावरची भुतावळ बनले!

चित्रपटाचे नाव जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८ मधील 'डॉन ऑफ द डेड'वरील कोटी आहे. भयपटांच्या चाहत्यांना आपल्या आवडत्या प्रकाराची टवाळी सहसा खपत नाही. येथे मात्र झोंबींची खिल्ली उडवलेली नाही. ते रोमेरोंच्या झोंबींसारखेच संथ आणि हिंस्र आहेत. हसू येते ते माणसांचे. अंगावर येणाऱ्या झोंबींवर फेकायला ग्रामोफोन रेकॉर्ड काढल्यावरही कोणती फेकायची आणि कोणती जपायची, यावर दोन मित्र वाद घालत बसतात. खुद्द रोमेरो यांना हा चित्रपट इतका भावला की, त्यांनी २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये पेग आणि राइट यांना झोंबींच्या छोट्या भूमिका दिल्या.

दुसऱ्यांदा पाहताना

हा चित्रपट पुन:पुन्हा पाहणारे अनेक आहेत, आणि त्याला कारणही तसेच आहे. सुरुवातीला मित्र एड उद्या दारू कशी प्यायची, याचा बेत सांगतो. त्यात ब्लडी मेरी आहे, झोकांड्या आहेत, 'शॉट्स' आहेत. पुढे अंगणात पहिली झोंबी भेटते तिचे नाव मेरी, झोंबींच्या गर्दीतून निसटण्यासाठी सर्वांना झोकांड्या खात चालावे लागते आणि अखेरीस त्याच पबमध्ये बंदुकीच्या गोळ्या सुटतात. पहिल्या खेपेला थट्टा वाटलेला संवाद म्हणजे अख्ख्या कथानकाचा आराखडा असतो.

तरीही चित्रपट लक्षात राहतो तो केवळ या करामतींमुळे नव्हे. २९ वर्षांचा शॉन ना नोकरीत रमलेला, ना प्रेयसीला वेळ देणारा. सावत्र वडिलांशी त्याचे कधीच पटलेले नाही. ते मोटारीत शेवटच्या घटका मोजताना आपले प्रेम बोलून दाखवतात, तेव्हा शॉनला उत्तर द्यायलाही अवधी उरत नाही. पुढे आईलाही दंश होतो आणि तिच्यावर गोळी झाडण्याची वेळ मुलावरच येते. इथे हसू थांबते. विनोदाच्या अपेक्षेने आलेल्या काही प्रेक्षकांना हे वळण जड जाते. पण बऱ्याच चाहत्यांना चित्रपट मनात घर करतो तो इथेच. आधीच्या तासाभरात ही माणसे हसवून जवळची झाली नसती, तर त्यांचे जाणे इतके बोचले नसते.

पुढे झोंबी आपल्याकडेही आले. २०१३ मध्ये 'गो गोवा गॉन'मधून ते गोव्यात अवतरले, तर २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने त्यांना थेट डोंबिवलीत आणले.

राहता राहिला सुरुवातीचा प्रसंग. झोंबी येण्याच्या आदल्या दिवशीही शॉन त्याच रस्त्याने, तसाच पाय ओढत दुकानात गेलेला असतो. तेव्हाही त्याचे आजूबाजूला लक्ष नव्हते. बसमध्ये पेंगणारे आणि कामावर यंत्रवत उभे असलेले लंडनकर दिग्दर्शकाने त्याआधीच दाखवून ठेवलेले असतात. साथ आल्यावर त्यांच्यात फरक पडला तो थोडाच!