दुखणे घरात, भीती दारात

भंडाऱ्यातल्या पानठेल्यावर उभे राहिले की दहा मिनिटांत चार-पाच जणांचा खर्रा घोटून होतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून रगडायचा आणि गालात धरायचा. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा मात्र टिकून राहिला. त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाने मोजावी लागते. तुमसर, साकोली, लाखांदूर, पवनीकडचे असे रुग्ण नागपूर गाठतात. कोणी शासकीय मेडिकल कॉलेजला जातो, कोणी तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, कोणी एम्सला. शस्त्रक्रिया होते, शेक दिला जातो. काहींच्या बाबतीत मग डॉक्टर सांगतात, आता घरी न्या, दुखणार नाही एवढे बघा.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. भंडारा ते नागपूर अंतर साठेक किलोमीटर. ज्या राष्ट्रीय महामार्गाने रुग्णाचा मुलगा मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन एसटीने परततो, त्याच महामार्गावर ओडिशाकडून येणारा गांजा वरचेवर पकडला जातो. तपासणीत कोणी पिशवी उघडायला लावली तर? घरात गोळ्या ठेवल्या आणि कोणी तक्रार केली तर? दुसरीकडे मोबाइलवर व्हिडिओ येऊन पडतात. गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो, असे त्यात छातीठोकपणे सांगितलेले असते. एखादा पाहुणा ‘मी आणून देतो’ म्हणतो. दुखणाऱ्या माणसाच्या उशाशी बसलेल्याला मग कळेनासे होते, की यातले औषध कोणते आणि गुन्हा कोणता.

दोन्ही पदार्थांचा कायदा एकच आहे. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘एनडीपीएस’. त्यात दोघांची वाट मात्र फार वेगळी आहे.

मिशिगनचे पाच रुग्ण

गांजा औषध म्हणून देण्याची सोय जिथे आहे, तिथे काळजीवाहकाचे गणित कसे मांडले जाते, हे आधी पाहू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांचे मत घेऊन वैद्यकीय गांजाचा कायदा केला. रुग्णाला स्वतः रोपे लावता येत नसतील तर तो एक काळजीवाहक नेमू शकतो. एका काळजीवाहकाला जास्तीत जास्त पाच रुग्ण घेता येतात. प्रत्येक रुग्णामागे बारा रोपे आणि अडीच औंस, म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम, वापरायोग्य माल ठेवता येतो. रोपे कुलूपबंद, बंदिस्त जागेतच हवीत. सहावा रुग्ण घेतला, एका रुग्णामागे तेरावे रोप उगवले किंवा कुलूप उघडे राहिले, की कायद्याचे संरक्षण धोक्यात येते. शिवाय राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गांजा निषिद्धच राहिला. त्यामुळे तिथला काळजीवाहक रोपे मोजत आणि कागद जपत जगतो.

भारतात असा काळजीवाहक कायद्यात नाहीच. एनडीपीएस कायद्यानुसार झाडाचा फुलोरा किंवा फळधारी शेंडा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस. दोन्ही घरी बाळगण्यासाठी रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कोणताही परवाना मिळत नाही. ‘एक किलोपर्यंत चालते’ असे सर्रास ऐकू येते, ते चुकीचे आहे. एक किलो ही गांजाच्या ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा आहे, सवलत नव्हे. त्या मर्यादेत सापडल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत, आणि वीस किलोपेक्षा जास्त असलेल्या व्यापारी प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि परसातल्या रोपाला त्यात वेगळी सूट नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने इतर पिकांना भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जाची बातमी देशभर गाजली. परवानगी द्यायचा अधिकार कायद्याने राज्यांना आहे, पण महाराष्ट्राने तो शेतकऱ्यांसाठी वापरलेला नाही.

गांजाच्या पानाचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. शेंड्याविना नुसती पाने आणि बिया एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना नेमका हाच मुद्दा धरला होता. पण म्हणून या पानांची भांग महाराष्ट्रात मोकळी झाली, असे नाही. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही मादक पदार्थांत मोडते आणि ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. भंडाऱ्याच्या उत्तरेला बालाघाट जिल्हा लागतो. तिकडे मध्य प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने असतात. तिथे पावतीवर घेतलेली पुडी सीमा ओलांडून तुमसरला आली, की तिचा कायदा बदलतो.

कायदेशीर मार्ग उरतो तो आयुर्वेदाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे आणि तिच्यात भांगही आहे. अशा द्रव्याचे औषध परवानाधारक उत्पादकानेच बनवायचे आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा वेष्टनावर छापायचा. ‘विजया’ या नावाने आज मिळणारी तेले आणि गोळ्या याच वाटेने बाजारात येतात. त्यांच्यासाठी वैद्याची चिठ्ठी, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बिल या तीन गोष्टी हव्यातच. पाहुण्याने बाटलीत भरून आणलेल्या काळ्या तेलाला यातले काहीच नसते.

आणि त्याने कॅन्सर बरा होतो का? तसा पुरावा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कॅनाबिडिऑलच्या एका शुद्ध औषधाला मान्यता दिली, ती मुलांमधल्या दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारासाठी. केमोथेरपीच्या उलट्यांवरही या वर्गातली औषधे वापरली जातात. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले आणि भारताने बाजूने मत दिले. त्यामागे औषधी उपयोगाची ही कबुली होती. पण त्या मताने भंडाऱ्यातल्या कोणालाही गांजा ठेवायची मुभा मिळाली नाही.

हा विषय भंडाऱ्याला नवा नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताला लागणारा गांजा खांडव्याच्या परिसरात सरकारी देखरेखीखाली पिकत होता. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे कायदा उलट दिशेने गेला.

औषध देशात, रुग्ण कोरडा

मॉर्फिनची गोष्ट मात्र वेगळी आणि भंडाऱ्यातल्या घरांसाठी जास्त महत्त्वाची. मॉर्फिन अफूपासून बनते. मंदसौर, नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते आणि तिथून परदेशीही जाते. कच्चा माल घरचा असूनही देशातल्या कर्करुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले होते. १९८५ च्या कायद्यानंतर औषधी मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ मध्ये तर साऱ्या देशात जेमतेम १८ किलो वापरले गेले. प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. चुकले तर दहा वर्षांची शिक्षा. साहजिकच डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारांनी हात आखडता घेतला.

औषधशास्त्रज्ञ डॉ. रवींद्र घुई यांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. औषधांचाच अभ्यास असलेल्या मुलाला आईसाठी मॉर्फिन मिळाले नाही. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९९८ मध्ये न्यायालयाने मॉर्फिनचा पुरवठा सुरळीत करण्याचा आदेश दिला. तेवढ्याने भागले नाही. २००७ मध्ये भारतीय पॅलिएटिव्ह केअर (वेदनाशामक शुश्रूषा) संघटनेसोबत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे मंत्रालयांचे उंबरठे झिजवत होते. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि १ मे २०१४ पासून ती लागू झाली.

या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही ती सहा औषधे. त्यांचे नियम आता केंद्र करते आणि ते मे २०१५ पासून देशभर सारखे आहेत. चार-पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मिळणारी एकच मान्यता आली. मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. साठा कुलपात, रोजची नोंद वहीत, वर्षाची अपेक्षित गरज आधी कळवायची आणि वर्षअखेर हिशेब द्यायचा. मिशिगनसारखी रुग्णांची संख्या इथे बांधलेली नाही. पाच रुग्ण असोत की पाचशे, प्रत्येक गोळीची नोंद जुळली पाहिजे.

मग घरच्या माणसाची मर्यादा कोणती? नियम सांगतो की एखाद्याला त्याच्या वापरासाठी रीतसर एका वेळी जितके औषध दिले गेले, तितके तो बाळगू शकतो. इथे मर्यादा ग्रॅममध्ये ठरलेली नाही. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि संस्थेच्या नोंदीवर ठरते. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर पंधरा दिवसांच्या गोळ्या कायदेशीर. त्याच गोळ्या चिठ्ठीविना दुसऱ्याच्या खिशात सापडल्या तर गुन्हा.

ट्रामाडॉलचा हिशेब निराळा. खेड्यापाड्यांत दुखण्यावर सर्रास चालणारी ही गोळी २०१८ च्या एप्रिलमध्ये एनडीपीएसखाली आली. अशा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी नियमांत आकडाच दिला आहे. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत औषध ठेवता येते. दीर्घ उपचार असतील आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर ३०० पर्यंत. झोपेच्या आणि चिंतेच्या कित्येक गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. वर्षभराचा साठा एकदम भरून ठेवणाऱ्या घरांना हे सहसा ठाऊक नसते.

भीतीचा हिशेब

कायदा सैल झाला, मनातली गाठ मात्र कायम आहे. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, असे घरच्यांना वाटते. सवय लागेल म्हणून गोळी अर्धी करून दिली जाते, किंवा कळ असह्य झाल्यावरच दिली जाते. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची असते, दुखण्याची वाट पाहून नव्हे. देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, त्यामुळे सोबत रेचक लागते. आणि दुखणे कमी झाले म्हणून गोळी एकाएकी बंद करायची नसते, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकारावरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत भंडारा होता. २०१२ मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला. आता आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही ही शुश्रूषा आहे. कागदावर रचना तयार आहे. पण लाखांदूरच्या रुग्णाला गोळ्यांसाठी दर पंधरवड्याला नागपूर गाठावे लागत असेल, तर त्या रचनेचा त्याला उपयोग काय? जिल्ह्यात आणि तालुक्याच्या ठिकाणी मान्यताप्राप्त संस्था आणि प्रशिक्षित डॉक्टर असणे, ही चैन नव्हे, गरज आहे. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपे करून ठेवले आहे. पुढचे काम आरोग्य खात्याचे.

तोवर ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी एवढे करावे. चिठ्ठी, रुग्णालयाचे कार्ड आणि रुग्णाचे ओळखपत्र गोळ्यांसोबतच, मूळ वेष्टनासह ठेवावे आणि प्रवासात जवळ बाळगावे. कोणती गोळी किती वाजता दिली, ते वहीत लिहावे. डबा कुलपात, मुलांपासून दूर असावा. शेजारच्या रुग्णाला कितीही दुखत असले तरी आपल्यातली गोळी देऊ नये, त्याला डॉक्टरकडे न्यावे. रुग्ण गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या घरात पडू न देता दिलेल्या संस्थेकडे परत कराव्यात आणि तशी नोंद करून घ्यावी. गांजाच्या तेलाची बाटली कोणी आणून दिलीच, तर परवाना क्रमांक, बिल आणि वैद्याची चिठ्ठी विचारावी. तिन्हीपैकी एकही कमी असेल, तर ती बाटली घरात घेऊ नये.