जुन्या फियाटचा कार्बोरेटर : असली पार्ट कुठे शोधावेत, कसे पारखावेत?

जुनी मोटार मूळ रूपात उभी करणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते. त्यामुळे घराच्या मागे ताडपत्रीखाली पडलेल्या फियाट लोकांना पुन्हा आठवू लागल्या आहेत. पत्रा, रंग आणि सीट यांचे कारीगर मिळतात. काम अडते ते कार्बोरेटरपाशी.

माल दुर्मिळ का झाला?

१९६४ च्या सुमारास आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे तेच इंजिन साधारण २००० पर्यंत चालू राहिले, म्हणून पार्टची ददात कधी भासली नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे बाजारात हा माल सतत फिरता होता. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईक गेले की दुकानदार माल ठेवत नाही, हा कोणत्याही धंद्याचा नियम आहे. आता जे मिळते ते जुन्या दुकानांच्या फळ्यांवर शिल्लक राहिलेले किंवा भंगारातून काढलेले.

कुठे शोधावे?

मुंबईत ऑपेरा हाऊसची मोटार-पार्टची दुकाने, चोर बाजार आणि कुर्ल्याचे भंगारवाले, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. नुसते ‘फियाटचा जेट द्या’ म्हणून विचारू नये. कपड्याच्या बाजारात आपण नमुन्याची चिंधी घेऊन फिरतो, तसा इथे जुना पार्ट हातात घेऊन जावा. कार्बोरेटरच्या अंगावरील अक्षरे आणि आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत. त्या लिपीचा अर्थ समजला तर फसवणूक निम्मी टळते. सोलेक्सच्या नावापुढील ३२ हा आकडा म्हणजे थ्रॉटलपाशी नळीचा व्यास ३२ मिलिमीटर. जेटवरील १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचे. वेंचुरीवरील आकडा सरळ मिलिमीटरचा असतो.

मॉरिस मायनरसारख्या इंग्रजी गाड्यांना एसयू कार्बोरेटर असतो. त्याचे पार्ट शोधत बाजार पालथा घालण्याची गरज नाही. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरी येथील बर्लेन ही कंपनी एसयूचे पार्ट आजही बनवते. फक्त टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करावा. एसयूचा पिस्टन आणि त्यावरची टोपी ही जोडी असते. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या टोपीत घालू नये.

कसे पारखावे?

पहिली पारख जेटची. मिस्त्री लोक कचरा काढायला भोकात तार घालतात, कोणी पिकअप वाढवायला रीमर मारतात. वर आकडा १२० चाच राहतो, पण भोक १.३० चे झाले तर क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे पडतात आणि दोष इंजिनाला लागतो. म्हणून १.२० च्या ड्रिलची गुळगुळीत दांडी सोबत न्यावी. ती भोकात सैल हलली तर जेट परत करावा.

दुसरी पारख थ्रॉटलच्या दांड्याची. तो बोटांत धरून हलवावा. खडखडला तर तिथून हवा शिरते आणि गाडी स्लोवर टिकत नाही. बाकी बॉडी चांगली असेल तर लेथवर पितळी बुश बसवून हा दोष जातो, मात्र ती मजुरी किमतीतून वजा करून घ्यावी.

तिसरी, खालची बैठक. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. नट जास्त आवळले की ती वाकते. सपाट काचेवर ठेवून पाहावी. डुगडुगली तर समजावे.

चौथी, पितळी फ्लोट. तो गरम पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले तर त्याला छिद्र आहे. टॅक्सीतून निघालेला माल असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी : सीएनजी किट बसवताना काही कार्बोरेटरच्या बॉडीला भोक पाडलेले असते.

सुटे पार्ट एकेक करून जमवण्यापेक्षा दोन अख्खे जुने कार्बोरेटर घेऊन त्यातून एक चांगला तयार करणे बहुधा स्वस्त पडते. आणि बिलावर ‘न जुळल्यास परत’ एवढे लिहून घ्यावे. तोंडी शब्द दुकानाच्या पायरीपर्यंतच चालतो.

असली म्हणजे जुनेच असे नाही

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या १९६८ च्या फियाटसाठी मला कंपनीच्या सीलबंद पाकिटातले पॅकिंग मिळाले. पिवळे पडलेले पाकीट पाहून मी हरखलो आणि भाव न करता पैसे दिले. आठ दिवसांत झाकणाच्या कडेने पेट्रोल झिरपू लागले. सिग्नलला उभे असताना वास आला, बॉनेट उघडले तर गरम इंजिनावर थेंब पडत होते. मुले मागच्या सीटवर होती. आग लागली नाही, हे नशीब. पॅकिंग असलीच होते, दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण पाकिटात पडून ते वाळून आकसले होते.

आता तर हा धोका वाढला आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. जुने रबर आणि कॉर्क त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीत जस्ताच्या बॉडीला आतून पांढरी बुरशी धरते.

म्हणून नियम साधा ठेवावा. धातूचे पार्ट, म्हणजे बॉडी, जेट, वेंचुरी, दांडा, हे मूळचे शोधावेत. त्यांच्या मापातच गाडीची चाल आहे. रबर, कॉर्क आणि पेट्रोलच्या नळ्या मात्र आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या नव्या घ्याव्यात. गाडी फार काळ उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. आणि जोडणी झाल्यावर पहिली अर्धी तास गाडी बॉनेट उघडे ठेवून, शेजारी आग विझवण्याचा सिलिंडर ठेवून, घराबाहेरच चालवून पाहावी. मुलाबाळांना त्यानंतरच बसवावे.