बोअरच्या पाण्यात गॅस? काडी लावून बघू नका



परवा एका काकांचा फोन आला. "सर, बोअरचं पाणी दुधासारखं पांढरं येतंय, तांब्यात ठेवलं की पाच मिनिटांत नितळ होतं. पोरं म्हणतात गॅस आहे, काडी लावून बघू का?" म्हटलं, काडी अजिबात नको.

बहुतेक वेळा ती साधी हवा असते. पातळी खाली गेली की मोटार पाण्याबरोबर हवा ओढते. मोटार काही तास बंद ठेवा, पातळी वर आली की पुन्हा बघा. तरीही पाणी फसफसत असेल, किंवा मोटार बंद असताना केसिंगमधून बुडबुड्यांचा आवाज येत असेल, तर मिथेनची शंका घ्या.

गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. खोलवर दाबाखाली पाण्यात विरघळून राहतो, वर आल्यावर दाब उतरला की सोड्याच्या बाटलीसारखा बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरचा वास कंपनीने मुद्दाम घातलेला असतो, इथे ती सोय नाही. धोका पाणी पिण्याचा नाही, गॅस साठण्याचा आहे. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते. बंद पंपघरात स्टार्टर दाबला तरी ती पडते, बिडीचं तर सोडाच.

म्हणून पंपघराचं दार-खिडकी आधी उघडा, मोटार नंतर. केसिंगच्या झाकणातून व्हेंट पाइप काढून छपराच्या वर सोडा. पाणी उघड्यावरच्या टाकीत फवाऱ्यासारखं पडू द्या, गॅस तिथेच उडून जातो. आरओ किंवा क्लोरीनने तो जात नाही. नेहमीच्या पाणी तपासणीत मिथेन बघत नाहीत, तेव्हा लॅबला आधी सांगा आणि बाटली त्यांच्याकडूनच घ्या. उघड्या बाटलीत नेलं तर गॅस वाटेतच संपतो. अमेरिकेत लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असेल तर काळजी करत नाहीत, 28 च्या वर गेला तर लगेच उपाय करायला सांगतात.

आता विहिरीचं. गाळ काढायला उतरण्याआधी जुनी माणसं पेटता कंदील खाली सोडायची, विझला तर उतरायचं नाही. ऑक्सिजन कमी आहे एवढं त्यातून कळतं. पण मिथेन असेल तर तोच कंदील भडका उडवेल. आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असेल, तर कंदील खुशाल जळत राहील आणि माणूस पडेल. हा वायू वाढला की नाकाला त्याचा वाससुद्धा कळेनासा होतो. तेव्हा कंदिलावर भरवसा नको. यारीने गाळ निघत असेल तर माणूस उतरवूच नका. डिझेल इंजिनही आत सोडू नका, धुराने जीव जातो.

खाली कोणी पडलाच, तर त्याच्यामागे उडी मारू नका. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो आणि दोघेही जातात. 112 किंवा 101 लावा. उतरणाऱ्याच्या अंगाला आधीच दोर बांधलेला असेल, तरच वरून ओढता येतं.

ज्यांचं पंपघर चारी बाजूंनी बंद आहे, त्यांनी फोटो पाठवा. व्हेंट पाइप कुठून काढायचा ते सांगतो.