रखडलेल्या ड्यूसचं काय करायचं?

कॅलिफोर्नियापासून ओहायोपर्यंत अमेरिकेतल्या जुन्या वस्त्यांमध्ये असं एखादं गराज हटकून सापडतं. मधोमध लोखंडी घोड्यांवर १९३२ च्या फोर्डची नुसती बॉडी, दारं माळ्यावर, इंजिन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात आणि नटबोल्ट कॉफीच्या रिकाम्या डब्यांत. मालकाने ती घेतली तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. पुढे लग्न, नोकरी, मुलं, घराचे हप्ते. आता वेळ आहे, हाताशी थोडा पैसाही आहे, पण गाडी होती तिथेच आहे. इतकी वर्षं भिजत पडलेलं हे घोंगडं आता कसं निस्तरायचं?

जुनी, हलकी गाडी घ्यायची, तिच्यातलं अनावश्यक ते सगळं काढून टाकायचं, जोरकस इंजिन बसवायचं आणि वेगासाठी ती नव्याने बांधायची, म्हणजे झाली हॉट रॉड. रखडलेल्या हॉट रॉडचं उत्तर तिच्या दिसण्यात शोधत बसलं की ती आणखी दहा वर्षं रखडते. ती कुठे, किती आणि कशी धावणार हे आधी ठरवलं, तर बाकीचे निर्णय एकामागून एक सुटत जातात. असं मी का म्हणतो, हे समजायला या गाडीचा इतिहास आणि तिची यंत्ररचना दोन्ही पाहावी लागतात.

धावण्यासाठी जन्मलेली जात

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात कोरडी पडलेली तळी आहेत. त्यांचा तळ मैलोन् मैल सपाट आणि टणक. त्यातलं म्युरॉक सगळ्यात प्रसिद्ध. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसची तरुण पोरं आपापल्या गाड्या घेऊन तिथे जात. पोहोचल्यावर मडगार्ड, दिवे आणि पुढची काच काढायची, घड्याळाशी शर्यत लावायची आणि संध्याकाळी सगळं पुन्हा जोडून त्याच गाडीने घरी परतायचं. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. म्युरॉक लष्कराकडे गेल्यावर एल मिराज हे दुसरं कोरडं तळं मुख्य ठिकाण झालं आणि १९४९ मध्ये युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिली मोठी स्पर्धा भरली.

महायुद्धाहून परतलेल्या तरुणांच्या हाती यंत्रकामाचं कसब होतं आणि जुन्या फोर्ड स्वस्तात मिळत होत्या. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांच्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे संपादक झालेले वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली, ती या पोरांना रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींपासून दूर नेण्यासाठी. या सगळ्या काळात गाडीला मान मिळाला तो तिच्या वेगाचा. रंग न लावता, नुसत्या प्रायमरवर पळणाऱ्या कितीतरी गाड्या तेव्हा रस्त्यावर होत्या आणि त्यांना कुणी अपूर्ण म्हणत नसे.

१९३२ चीच का?

मार्च १९३२ मध्ये हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी व्ही-८ गाडी आणली. आठ सिलिंडरचा अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात काढण्याची युक्ती त्याच्या कारखान्याने साधली होती. इंजिन ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं; व्ही-८ रोडस्टरची किंमत ४६० डॉलर. वर्षातल्या शेवटच्या दोनावरून या गाडीला ड्यूस म्हणतात.

तिच्या चॅसिसच्या बाजूच्या रेलवर दाबून काढलेली एक लांब रेघ आहे. ही रेल मूळ गाडीतही उघडी दिसायची, त्यामुळे तिला देखणा आकार दिलेला होता. मडगार्ड काढल्यावर इतर गाड्यांचा सांगाडा उघडा पडतो. ड्यूस मात्र तशीच रेखीव दिसते. जॉर्ज लुकास यांच्या १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ने पिवळ्या ड्यूस कूपेला घराघरांत पोहोचवलं आणि २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने हॉट रॉडवर तिकिटं काढली, तीही ड्यूसचीच.

घोडं अडतं कुठे

पैसा आणि वेळ ही दोन कारणं सगळेच सांगतात आणि ती खरीही आहेत. पण बहुतेक गाड्या अडकतात त्या बदलत्या बेतामुळे. मालक काम सुरू करतो १९७० च्या दशकात. तेव्हा चलती असते ती वरून जुन्या थाटाच्या आणि आतून मऊ गाद्या, स्वयंचलित गिअर असलेल्या गाडीची. १९८० नंतर ॲल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून कोरलेली चकचकीत चाकं आणि गुळगुळीत, हँडलसुद्धा नसलेल्या बॉडीची लाट येते. २००० च्या आसपास वारं उलटं फिरतं: एकीकडे १९४० च्या दशकातल्या परंपरेचा आग्रह, दुसरीकडे मुद्दाम गंजकी ठेवलेली रॅट रॉड. दर लाटेबरोबर थोडी खरेदी होते, थोडी तोडफोड होते. शेवटी गराजमध्ये चार वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जमतात. एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही. सगळे भाग जमिनीवर मांडावेत, यादी करावी आणि एका कागदावर लिहावं: ही गाडी रविवारी सकाळी गावात चक्कर मारायला हवी आहे, की पाचशे मैल लांबच्या मेळाव्याला बायकोसोबत जायला, की एल मिराजवर घड्याळाशी झुंजायला? एकच उत्तर लिहायचं. त्या उत्तरात न बसणारे भाग विकून टाकायचे. हे विकणं जिवावर येतं, पण पुढच्या कामाचा पैसाही त्यातूनच उभा राहतो.

इंजिन ठरलं की बरंच काही ठरतं

इंजिन बदललं की त्याचे माउंट, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागचा ॲक्सल, रेडिएटर, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगची जागा सगळंच बदलतं. म्हणून हा निर्णय अर्धवट ठेवून बाकीचं काम करताच येत नाही. ढोबळ मानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट फोर्डच्याच फ्लॅटहेड व्ही-८ ची. १९५३ पर्यंत अमेरिकी फोर्डमध्ये हेच घराणं चाललं. त्याचा आवाज आणि त्यावरची दोन-तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरची रांग यांना तोड नाही. पण त्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्याच्या झडपा ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे जळालेला तप्त वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो. एका बाजूला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधले दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास सोडतात. ती सगळी उष्णता पाण्यात उतरते आणि इंजिन तापतं. वर्षानुवर्षं असं तापून-निवून झडपांच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत केसासारखा तडा जातो. वीस वर्षं कोपऱ्यात पडलेल्या फ्लॅटहेडवर नवा पिस्टन किंवा कॅमशाफ्ट घेण्याआधी ब्लॉक धुऊन, चुंबकीय चाचणीने तडे तपासून घ्यावा. या एका तपासणीवर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो.

दुसरी वाट शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉकची. १९५५ मध्ये ४.३ लिटरचं हे इंजिन १६२ अश्वशक्तीचं आलं. दोनच वर्षांपूर्वीचा फोर्ड फ्लॅटहेड ११० वर थांबला होता. हॉट रॉडवाल्यांनी ते लगेच उचललं. पुढे आलेलं ५.७ लिटरचं इंजिन तर इतकं मुबलक झालं की त्याचा सुटा भाग कोणत्याही गावात मिळावा. २०११ मध्ये दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक तयार झालं. अडचण एवढीच, की त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो, तर फ्लॅटहेडचा पुढे. ड्यूसच्या आखूड बॉनेटखाली तो थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला, भिडतो. म्हणून फायरवॉलमध्ये खोलगट भाग करावा लागतो, आणि मूळ फायरवॉल एकदा कापली की परतीची वाट अवघड होते.

तिसरी वाट १९९७ च्या कॉर्व्हेटपासून सुरू झालेल्या एलएस घराण्याची. ताकद भरपूर, पेट्रोलचा खर्च बेताचा, थंडीत एका स्टार्टवर चालू. पण त्याच्यासोबत कॉम्प्युटर, वायरिंगचा भला मोठा हार्नेस, सेन्सर आणि जास्त दाबाचा पेट्रोलपंप येतो. लांबच्या प्रवासासाठी गाडी हवी असेल तर ही वाट उत्तम. ज्याला वायरिंगची धास्ती आहे त्याने इकडे वळू नये. गाडी पुन्हा त्याच गराजमध्ये अडकेल.

माझं मत स्पष्ट आहे. अर्धवट गाडीत जे इंजिन आधीच बसतं केलेलं आहे, ते धड असेल तर तेच ठेवावं. अधिक चांगल्या इंजिनाच्या मोहाने जितक्या गाड्या रखडल्या, तितक्या वाईट इंजिनाने रखडल्या नसतील.

नंबर आणि कायदा

पैसा ओतण्याआधी कागद पाहावेत. ड्यूसचा नंबर डाव्या चॅसिस रेलवर ठोकलेला असतो; व्ही-८ गाडीचा नंबर १८ या आकड्याने सुरू होतो. गंज आणि जुना रंग हळुवार घासून, बॅटरीचा उजेड तिरका पाडून तो वाचावा लागतो. तो टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबराशी जुळला, तर गाडी १९३२ ची फोर्ड. चॅसिस नव्याने बनवलेली असेल किंवा बॉडी ओहायोतल्या ब्रुकव्हिलसारख्या ठिकाणी आज नव्या पत्र्यातून घडवलेली असेल, तर नोंदणीचा प्रश्न वेगळा होतो. कॅलिफोर्नियात अशा खास बांधलेल्या गाड्यांपैकी दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या नियमांत सवलत मिळते, ती इंजिन किंवा बॉडी कोणत्या सालाची दिसते यावर. म्हणजे नोंदणीचा विचारही इंजिन ठरवतानाच करावा लागतो.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा खटाटोप परका वाटेल, त्याचं एक कारण कायदा. मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल वाहनात करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. भारतात जुनी गाडी जपायची असते. तिकडे ती मोकळेपणाने नव्याने रचता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांच्या शेजारच्या गराजमध्ये अशी गाडी उभी असेल, त्यांनी ती जरूर जवळून पाहावी.

कामाचा क्रम

रखडलेली गाडी तडीस नेण्याचा अनुभवी बांधणाऱ्यांचा क्रम साधारण असा. आधी सगळी गाडी कोरी, बिनरंगाची जुळवायची: चाकं, इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंग, सीट. सीटवर बसून पेडलवर पाय नीट पोहोचतो का, स्टिअरिंग गुडघ्याला घासतं का, हे पाहायचं. मग ब्रेक. १९३२ ची फोर्ड सळ्यांच्या यांत्रिक ब्रेकवर चालायची. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. म्हणून परंपरेचा कितीही आग्रह असला तरी १९३९ ते ४८ च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक बसवतात आणि आधुनिक इंजिन असेल तर पुढे डिस्क. वेग वाढवला आणि थांबणं तसंच ठेवलं, तर ती गाडी जीवघेणी.

त्यानंतर वायरिंग, पेट्रोलची लाइन आणि मग रस्ता. गाडी प्रायमरवरच काही महिने चालवायची. कुठे गळतं, कुठे तापतं, कोणता बोल्ट सैल होतो, हे चालवल्याशिवाय कळत नाही. हे दोष निघाल्यावरच गाडी पूर्ण खोलायची आणि रंगाला न्यायची. चालण्याआधी रंग देणं म्हणजे भिंतींना ओल असताना डिस्टेंपर मारण्यासारखं आहे. शिवाय रंग झाला की मालक ओरखड्याच्या भीतीने पानासुद्धा लावेनासा होतो, आणि सुंदर रंगवलेली बॉडी पुन्हा चादरीखाली जाते.

गाडी दुसऱ्या हाती गेली तर

विकणं हाही गाडी पूर्ण करण्याचाच एक मार्ग आहे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डोन स्पेन्सर यांच्या काळ्या ड्यूस रोडस्टरचं. स्पेन्सर यांनी १९४० च्या दशकात ती घडवली. कललेली ड्यूव्हॉल काच आणि कुठेही जास्तीचं काही नाही, अशी ती आजही आदर्श मानली जाते. पुढे मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना या खडतर शर्यतीसाठी त्यांनी ती पुन्हा उघडली. दगडधोंड्यांवर खालचे पाइप आपटू नयेत म्हणून एक्झॉस्ट चॅसिसच्या रेलमधून आरपार नेले. १९५४ नंतर ती शर्यतच बंद पडली आणि गाडी अर्धवट अवस्थेत दुसऱ्या हातात गेली. कालांतराने नील ईस्ट यांनी ती रस्त्यावर आणली आणि भरपूर चालवली. नंतर ब्रूस मायर यांनी ती घेऊन पीट चापूरिस यांच्या सो-कॅल स्पीड शॉपकडून तिचं पुनरुज्जीवन केलं. १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात हॉट रॉडसाठी पहिल्यांदाच वेगळा वर्ग ठेवला गेला, आणि पहिला क्रमांक याच गाडीला मिळाला.

ज्या शर्यतीसाठी ती उघडली ती झालीच नाही, तरी गाडी वाया गेली नाही, कारण ती पुढच्या माणसाकडे गेली. म्हणून ज्याच्या कागदावर धावण्याचं एकही खरं कारण उतरत नसेल, त्याने मनाला न लावता ती एखाद्या तरुणाला द्यावी. सगळे भाग, टायटल आणि आपण केलेल्या कामाच्या नोंदी सोबत द्याव्यात. कोणता भाग कोणत्या गाडीचा हे सांगणारी वही नव्या मालकाची कितीतरी वर्षं वाचवते. आणि ज्याच्या कागदावर खरं कारण उतरलं आहे, त्याने इंजिनाच्या तीन वाटांमधली एक पक्की करावी, गाडी बिनरंगाची जुळवून ब्रेकला हात घालावा आणि रंगाची छटा ठरवायचं काम पहिल्या हजार मैलांनंतरसाठी ठेवावं. हॉट रॉड चालू लागली की तिचं उरलेलं काम करायला हुरूप येतो, आणि ते करायला माणसंही भेटतात.